तेलाच्या चेंबरातले पडदे

३ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी सात

गाडीचा तेलाचा दिवा डाव्या वळणावर लागतो, हे आज पक्कं झालं. दुजोरा खुद्द सासऱ्यांचा. शेजारच्या सीटवर बसून पोस्टाच्या कोपऱ्यावर त्यांनी स्वतः पाहिला. दोन सेकंद लाल, मग गेला. त्यांचे डोळे आता रस्त्याला पुरत नाहीत म्हणून दोन वर्षांपूर्वी गाडी माझ्याकडे सांभाळायला दिली, पण डॅशबोर्ड त्यांना अजून पाठ आहे.

म्हणाले, "जावईबापू, तेल बघितलंत का?"

तेल बघितलंत का! बावन्नाव्या वर्षी माणसाला हे विचारतात. दर रविवारी बघतो. गेल्या वर्षी तेल मोजायच्या जुन्या डिपस्टिकवरच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या, तर नवी चकचकीत आणून मीच बसवली. तेल बरोब्बर खुणेवर आहे. तसं ऐकवलं. तर म्हणाले, मग मिस्त्रीला दाखवा.

मिस्त्री! तीस वर्षं ही गाडी त्या माणसाच्या हाताखाली होती. काहीही विचारा, आधी पाच मिनिटं बघत उभा राहतो. मग म्हणतो, "बघू." अशाने देश पुढे जात नाही.

कारण मला ठाऊक आहे. गाडी वळली की इंजिनाखालच्या चेंबरातलं तेल एका कडेला पळतं. बशी तिरकी केली की चहा पळतो तसं. तेल ओढणारी जाळी उघडी पडते, तेलाऐवजी हवा ओढते, दाब जातो, दिवा लागतो. उपाय एकच. चेंबरात पत्र्याचे पडदे बसवायचे, म्हणजे तेल जाळीजवळ कोंडलेलं राहतं. बॅफल म्हणतात. जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर 'पिस्टनराव' नावाने लिहिणारे एक जाणकार आहेत, त्यांची यावर सतरा भागांची लेखमाला आहे. मी सहा वाचले. रेसच्या गाड्यांना हे पडदे असतातच. आपली गाडी ताशी चाळीसने जाते, हा मुद्दा गौण.

घाई अशासाठी, की ३० तारखेला, रविवारी अकरा वाजता डोंगरावरचं जुनं पंपघर कायमचं बंद होणार. सासरे तिथे एकतीस वर्षं होते. पहिला पंप त्यांनी सुरू केला होता, शेवटचा त्यांच्याच हातून बंद करायचा, असं पत्र आलंय. ते पत्र त्यांनी मला दोनदा वाचून दाखवायला लावलं. वय त्र्याऐंशी. एकतीस वर्षं त्या घाटातून रोज हीच गाडी नेली, आता शेवटची फेरीही हिच्यातूनच करायची, एवढीच इच्छा आहे. घाटात एकोणीस वळणं. त्यांतली दहा डावी.

दिव्याचं कळताच मेहुण्याचा फोन. "भाऊजी, कशाला रिस्क? बाबांना मी नेतो. माझ्या गाडीत एसी आहे." एसी! सासरे नुसते गाडीच्या दारावर हात ठेवून उभे राहिले. मला बघवलं नाही. म्हणालो, बाबा, तुम्ही तुमच्याच गाडीतून जाणार. माझा शब्द.

निश्चय : दहा तारखेपर्यंत पडदे तयार. बारापर्यंत बसवून मोकळा. उरलेले दिवस गाडी पुसण्यासाठी.

५ नोव्हेंबर, बुधवार

चेंबर उतरवायला घेतलं. पुस्तकात एक ओळ आहे : बावीस बोल्ट सोडवा. हे लिहिणाऱ्याने जन्मात एक तरी बोल्ट सोडवला असेल का? एकोणीस निघाले. तिघांची डोकी घासून गोल झाली. इतके घट्ट कोणी आवळले? मिस्त्रीने. दुसरं कोण.

आधी तेल काढलं होतं. पुस्तकाप्रमाणे चार लिटर यायला हवं. बादलीत अडीच आलं. उरलेलं दीड इंजिनाच्या आत चिकटून बसलं असणार. जुन्या इंजिनांची सवय असते.

बायको शेडच्या दारात आली. विचारलं, भांड्यांच्या साबणाची नवी कोरी बाटली कुठे गेली. माझ्या दोन्ही कोपरांवर, असं सांगितलं. म्हणाली, "अहो, बाबांनी नुसतं मिस्त्रीला दाखवा म्हटलं होतं."

निश्चय : चिडायचं नाही.

६ नोव्हेंबर

चिडलो. उरलेल्या तीन बोल्टांसाठी छिन्नी लावली. पहिला घाव बोल्टवर, दुसरा अंगठ्यावर. तिसरा मुद्दाम मडगार्डवर घातला नाही, हाताची दिशा चुकली. पोचा बारीक आहे. पुसताना सासऱ्यांच्या लक्षात येणार नाही.

चेंबर मात्र निघालं. आठ वाजून दहा मिनिटांनी. टाळी वाजवायला शेडमध्ये कोणी नव्हतं.

८ नोव्हेंबर, शनिवार

पुठ्ठ्याचा नमुना काढायचा दिवस. गाडी लोखंडी घोड्यांवर चढवलेली, मी खाली उताणा. वर बघून जाळी कुठे आहे, तेलाचा पाइप कुठून येतो, सगळं कागदावर उतरवलं. मापं मिलिमीटरपर्यंत. दोन तास. डोळ्यांत तेलाचे तीन थेंब. चौथा तोंडात, कारण नेमका तेव्हाच बायकोच्या हाकेला ओ द्यायला गेलो. हाक कशासाठी, तर जेवायला.

नकाशा पाहण्यासारखा झालाय. इंजिनिअरिंगला गेलो असतो तर कुठल्या कुठे असतो. वडिलांनी कॉमर्सला घातलं. त्यांचाही राग आला. ते जाऊन अकरा वर्षं झाली.

९ नोव्हेंबर, रविवार

पत्रा कापला. पत्र्याची कात्री उजव्या हाताच्या माणसासाठी बनवतात आणि उजव्या हाताच्या माणसाचा डावा हात कापतात. दोन टाके. डॉक्टरने विचारलं, काय करत होतात? सांगितलं. तो म्हणाला, "पण गाडीला नेमकं झालंय काय?" डॉक्टरांनी आपलं आपलं बघावं.

संध्याकाळी सासऱ्यांचा फोन. दिवा लागायचा थांबला का? म्हणालो, तत्त्वतः थांबला. खूश झाले. म्हणाले, पंपघराच्या गेटवरचा माणूस अजून तोच आहे, माझा हॉर्न ऐकला की तो न बघता गेट उघडायचा. मग विचारलं, हॉर्न चालू आहे ना? म्हटलं, बाबा, हॉर्नची काळजी करू नका.

निश्चय : हॉर्न तपासणे. (नंतर.)

१२ नोव्हेंबर, बुधवार

आज सगळं बसवून मोकळा होणार होतो. त्याऐवजी वेल्डरच्या दुकानात दीड तास स्टुलावर. त्याच्यापुढे कोणाच्या तरी गेटचं काम होतं. गेट!

माझे पत्रे आणि चेंबर उलटसुलट करून म्हणाला, "साहेब, हे काय, कोंबड्यांना पाणी प्यायचं भांडं?" समजावून सांगितलं. मधोमध खोली, चार बाजूंना पडदे, पडद्यांना बिजागरीच्या झडपा. तेल आत येईल, बाहेर जाणार नाही. वर एक आडवा पत्रा, त्याला जाळीसाठी भोक. त्याने मान डोलावली. मग माझा नकाशा हातात घेऊन विचारलं, "हे वरून बघितलेलं आहे की खालून?"

नकाशा म्हणजे नकाशा, असं त्याला स्पष्ट सांगितलं. वरून आणि खालून काय! माणसाने वेल्डिंग करावं.

"तुम्ही म्हणाल तसं," म्हणाला. हे वाक्य मला आवडत नाही. पण वेल्डिंग सुबक केलं.

१३ नोव्हेंबर

जाळी उजवीकडे आहे. भोक डावीकडे आलंय.

मी खालून वर बघत नकाशा काढला, चेंबर वरून खाली बघत भरलं. त्यामुळे आरशात दिसावं तसं सगळं उलटं झालं. ही चूक कोणाची? मी विचार केला. वेल्डरला शंका आली होती. शंका आली होती तर त्याने लावून धरायला नको? एकदा विचारून गप्प बसणं म्हणजे बेजबाबदारपणा झाला. उद्या पूल पडेल, तेव्हाही हा म्हणेल, मी विचारलं होतं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ऑफिसात लक्ष नव्हतं. आमच्या वॉरंटी विभागाकडे एका बाईंचा मिक्सर आला होता. दोन महिन्यांचा. मोटर जळलेली. बाईंनी आवाज येतो म्हणून स्क्रूड्रायव्हर घेऊन घरीच उघडला होता. मी शेरा मारला : ग्राहकाने स्वतः उघडले, वॉरंटी रद्द. फोनवर बाई रडकुंडीला आल्या. म्हणाल्या, नीट होईल असं वाटलं हो. मी म्हटलं, मॅडम, ज्याचं काम त्याने करावं. लोकांना आपली कुवतच कळत नाही.

नवा पत्रा घेऊन आलो.

१६ नोव्हेंबर, रविवार

दुसरा संच कापला. यावेळी डावा हात खिशात ठेवून. वेल्डरकडे गेलो. तो काही विचारायच्या आत मीच म्हणालो, वरून. तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं, दोन शब्द ऐकवता आले असते.

जाळी भोकात चपखल बसली. झडपा टकटक हलतात. अर्धा तास बोटाने हलवत बसलो होतो. बायकोला बोलावून दाखवलं. म्हणाली, "छान आहे. तीस तारखेला चौदा दिवस राहिलेत." कौतुकाच्या वाक्याला तारीख जोडायची काय गरज होती?

ग्रुपवर फोटो टाकला. पिस्टनरावांनी अंगठा दिला. पण खाली प्रश्न टाकला, क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, फिरताना त्याचे रॉड आडव्या पत्र्याला लागत नाहीत ना? पत्र्यावर मऊ माती ठेवून, चेंबर बसवून, इंजिन हाताने फिरवून बघा. मातीवर रॉडचा ठसा उमटला तर पत्रा खाली घ्यावा लागेल.

भाग अकरामध्ये हे आहे म्हणे. मी सहापर्यंत आलो होतो. महत्त्वाचं आधी लिहायला काय होतं?

१९ नोव्हेंबर, बुधवार

माती नव्हती. कणीक होती. मळून झाकून ठेवलेली.

आडव्या पत्र्यावर कणकेचा थर दिला, बोटभर जाड. चेंबर वर चढवलं, बोल्ट लावले. पुढे हँडल घालून इंजिन फिरवलं. अर्धी फेरी झाली आणि हँडल जॅकच्या दांड्याला अडलं. जॅक काढायचा तर गाडी उतरवावी लागते. गाडी उतरवायची तर खालची हत्यारं, बादली, दिवा सगळं आवरावं लागतं. पाऊण तास. पाठ मोडलेली.

विचार केला. इंजिन फिरतं म्हणजे गोल फिरतं. गोलाची एक अर्धी बाजू तपासली की दुसरी अर्धी वेगळी कशी असेल? चेंबर उतरवून पाहिलं. एका भागात कणकेवर रॉड अगदी जवळून गेल्याची हलकी रेघ, पत्र्याला स्पर्श नाही. उरलेल्या भागात तर रेघसुद्धा नाही. उत्तम! कणीक खरवडून काढली. काम फत्ते.

वर गेलो तर स्वयंपाकघरात बायको रिकामं भांडं घेऊन उभी. म्हणाली, "अहो, ती रात्रीची कणीक होती." वैज्ञानिक कारण सांगितलं. म्हणाली, "मग विज्ञान वाढा ताटात." बाहेरून मागवलं. ते गारढोण आलं. त्या माणसाला फोनवर झापलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार. दुपारी चार

शांत डोक्याने लिहितोय.

नवं पॅकिंग लावलं, बावीस बोल्ट आवळले. तेल भरलं, डिपस्टिक खुणेवर येईपर्यंत. डब्यात दीड लिटर उरलं. हे इंजिन कमी पितं. किल्ली फिरवली. एका झटक्यात सुरू.

आवाज आला. ठण ठण ठण ठण, पितळी पातेलं बडवावं तसा. नवीन भाग एकमेकांत रुळताना आवाज करतात, हे सर्वांना माहीत आहे. म्हणून चालू ठेवलं. रुळू दे म्हटलं. दिवा लागलेला होता, तोही रुळेल म्हटलं. बायको कानांवर हात ठेवून धावत आली. काहीतरी ओरडत होती, ऐकू येत नव्हतं. मी ॲक्सिलरेटर दिला, तेल वर चढावं म्हणून. मग एक मोठा ठण्ण, मग खरखर, आणि इंजिन आपलं आपण बंद.

एकूण दीड मिनिट.

बायकोला विचारलं, काय ओरडत होतीस? म्हणाली, "बंद करा म्हणत होते."

उद्या सकाळी शांतपणे बघतो. फार काही नसावं.

२३ नोव्हेंबर, रविवार

सकाळी नऊला मिस्त्री दारात. मी बोलावलं नव्हतं. बायकोने बोलावलं होतं. बावीस वर्षांच्या संसारात पाठीत सुरा.

पाच मिनिटं बघत उभा राहिला. चेंबर उतरवलं. त्याने बावीस बोल्ट चौदा मिनिटांत काढले, घड्याळ लावून बघितलं. आडवा पत्रा दोन टोकांना चेपून पापडासारखा दुमडला होता. पहिल्या आणि चौथ्या रॉडने बडवलाय म्हणाला. दुसरा-तिसरा स्वच्छ. "इंजिन फिरवून बघितलं होतं का साहेब?" बघितलं होतं. "पुरतं?" मी म्हटलं, पुरेसं. एक झडप तुटून जाळीला चिकटली होती. तेल वर गेलंच नाही. बेअरिंग गेली. क्रँकवर चरे पडलेत.

मग त्याने डिपस्टिक काढली. माझी, चकचकीत. डोळ्यांसमोर धरली. "ही कुठली?" म्हणालो, ग्रुपवरच्या एका सज्जन माणसाकडून घेतली. त्याने आपल्या पेटीतून याच इंजिनाची दुसरी काढून शेजारी धरली. माझी तीन बोटं लांब आहे. दुसऱ्याच इंजिनाची. इथे बसवली की टोक खोल जातं आणि अडीच लिटरलाच चार दाखवतं.

मला म्हणाला, आवाज अजिबात न चढवता, "साहेब, तेल वर्षभर दीड लिटर कमी होतं. वळणावर दिवा लागणारच."

मी म्हटलं, पडद्यांनी तेल कमी असतानाही फायदा झाला असता. तो म्हणाला, "बघू." मी म्हटलं, बघू नका, सांगा. तीस तारखेपर्यंत होईल? म्हणाला, क्रँक घासायला पाठवावा लागेल, बेअरिंग मिळायला हवीत. तीन आठवडे, लवकरात लवकर.

माणूस उद्धट आहे. आवाज न चढवणारे सगळे उद्धट असतात.

बायकोने एकच विचारलं : बाबांना कोण सांगणार? मी. अर्थात मी. माझा शब्द होता.

निश्चय : उद्या सांगणे.

२४ नोव्हेंबर

सासऱ्यांचा फोन लागला नाही. (एक रिंग दिली.)

२५ नोव्हेंबर, मंगळवार

त्यांचाच फोन. जुन्या सोबत्यांना कळवलंय म्हणाले, गाडीनेच येतोय. एकाचा तर विश्वासच बसेना. "अजून चालते?" असं विचारलं त्याने. सासरे म्हणाले, "मी सांगितलं त्याला, आमचे जावई हाताने पडदे बनवतायत. मला नीट कळलं नाही पण कसलंसं रेसचं काम आहे."

मी म्हटलं, ट्रायल चालू आहे बाबा.

फोन ठेवल्यावर बायको माझ्याकडे बघत होती. मी तिच्यावर ओरडलो, की असं बघत जाऊ नकोस. ती म्हणाली, "कसं बघू?" टीव्ही लावला.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

ऑफिसातून मिस्त्रीला चार फोन. जुनी बेअरिंग घालून, चरे पॉलिश करून, फक्त एक दिवस, फक्त वर जाण्यापुरतं? चौथ्या फोनला म्हणाला, "साहेब, घाटात मध्येच बंद पडली तर बाबांना ढकलायला लावणार का?"

अपमान सहन केला. मेहुण्याला फोन करण्यासाठी तीनदा हात पुढे केला. चौथ्यांदा केला. मी काही बोलायच्या आत तो म्हणाला, "ताईने सांगितलंय. साडेनऊला येतो. बाबांना तुम्ही सांगा, भाऊजी. मी नाही सांगणार." भ्याड.

निश्चय : उद्या. नक्की. लेखी.

२८ नोव्हेंबर

ऑफिसात फार काम.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी दहा वाजता सासरे आले. एकटेच, बसने, दोन बस बदलून. हातात पिशवी. पिशवीत पॉलिशचा डबा आणि जुन्या बनियनची फडकी. उद्यासाठी गाडी पुसायला आलो म्हणाले.

मी वीस मिनिटांचं स्पष्टीकरण तयार ठेवलं होतं. तेलाची धाव, अपकेंद्री बल, डिपस्टिक विकणाऱ्याचा खोटेपणा, वेल्डरचा बेजबाबदारपणा, सगळं क्रमाने. शेडमध्ये आले. गाडी घोड्यांवर. चेंबर टेबलावर. शेजारी दुमडलेला पत्रा. त्यांनी तो उचलला, डोळ्यांजवळ नेला, सगळ्या कडांवरून अंगठा फिरवला. दोन्ही टोकांच्या चेपांत बोट घालून पाहिलं. एकतीस वर्षं पंप सांभाळलेला माणूस. मला पहिलं वाक्यसुद्धा बोलायला लागलं नाही.

मग म्हणाले, "वेल्डिंग चांगलं केलंय."

ते वेल्डरने केलंय.

मला वाटलं आता बोलतील. मी तयार होतो. कोणी ओरडलं की मला जोर येतो, मीही ओरडू शकलो असतो. त्यांनी पत्रा खाली ठेवला, पॉलिशचा डबा उघडला आणि दारापासून सुरुवात केली. न चालणारी गाडी! मी म्हटलं, बाबा, राहू दे ना आता. बावीस वर्षांत मला जावईबापूशिवाय हाक मारली नव्हती, आज नावाने मारली. म्हणाले, फडकं घे, छतापर्यंत माझा हात पोचत नाही.

मी छत पुसलं. ते खाली बॉनेटला लागले. मडगार्डवरच्या पोच्याशी आल्यावर हात थांबला, मग पुढे गेला. दोन तास पुसत होतो. फार राग आला होता. कोणाचा ते जेवताना आठवेना.

मेहुणा कधी येणार ते जेवताना बायकोने त्यांना सांगितलं होतं. निघताना म्हणाले, साडेनऊला तयार राहतो, म्हणजे मुलाला थांबायला नको.

३० नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी सहा

मेहुण्याची गाडी. पुढे सासरे, पाठीमागे मी आणि बायको. एसी चालू. सासऱ्यांनी खिडकीची काच उतरवली, मेहुण्याने एसी बंद केला. तो कुरकुरला असता तर बरं झालं असतं. एकोणीस वळणं. प्रत्येक डाव्या वळणावर मी डॅशबोर्डकडे बघत होतो. तिथे नुसताच निळा पडदा आणि नकाशा.

गेटवर खुर्चीत म्हातारा बसलेला. मेहुण्याने हॉर्न दिला. म्हातारा उठला नाही, हाताने दाखवलं, पाहुण्यांच्या गाड्या खाली लावायच्या. सासरे म्हणाले, चालतो. चढ बराच आहे. मी हात पुढे केला. त्यांनी मुलीचा धरला. गेटपाशी पोचल्यावर म्हाताऱ्याने ओळखलं आणि धावत आला. "अहो साहेब! मी हॉर्नची वाट बघत बसलोय सकाळपासून!"

आत चाळीस-पन्नास माणसं होती. भाषणं झाली. मग सासऱ्यांनी स्विच खाली ओढला. पंपाचा आवाज एकदम जात नाही, उतरत उतरत जातो. पुरता थांबला तरी ते हात स्विचवर ठेवून उभे. टाळ्या वाजवायच्या की नाही, कोणाला कळेना.

चहाच्या वेळी तो विश्वास न बसलेला सोबती आला. पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय हो, गाडी कुठंय? म्हटलं नव्हतं मी? जावयाने केलं ना काहीतरी?"

सासरे म्हणाले, "छे छे. माझ्याच हातून गेली. तेल बघायला विसरलो."

मी तीन पावलांवर होतो. हातात कप. खुलासा करायला तोंड उघडलं. दोन वर्षं ज्या माणसाने गाडीचं बॉनेट उघडलं नाही, तो तेल बघायला कसा विसरेल? तांत्रिकदृष्ट्या हे विधान साफ चुकीचं होतं. आणि सगळा खुलासा माझ्याजवळ होता, क्रमाने. तोंड उघडंच राहिलं. त्यांनी माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. सोबती म्हणाला, "तुम्ही? तुम्ही विसरलात?" आणि मोठ्याने हसला. आजूबाजूचे पण हसले. एकतीस वर्षांत तेल न विसरलेल्या माणसाला हसले. सासरेही हसले. मी चहा पीत राहिलो. चांगला होता. वाईट असता तर कोणाला तरी बोलता आलं असतं.

परतताना उतारावर सासऱ्यांनी पुढच्या सीटवरून विचारलं, "किल्ली तुमच्याकडेच आहे ना?" परत 'तुम्ही'वर आले. म्हटलं, हो बाबा, जपून ठेवलीय. म्हणाले, "उद्या दहाला येऊन घेऊन जातो. मिस्त्रीशी बोललोय. गाडी तो ओढून नेईल. झाली की त्याच्याकडेच राहू दे."

मी म्हटलं, उद्या सोमवार, दहाला मी ऑफिसात असेन. म्हणाले, हरकत नाही, ही घरी असते.

बायको खिडकीबाहेर बघत होती. मेहुण्याने आरशातून बघितलं आणि नजर काढून घेतली.

घरी आल्यावर साहेबांना मेसेज केला, उद्या अर्धा दिवस येणार नाही. कारण विचारलंय. काय लिहायचं ते सुचत नाही, दोन वेळा लिहून खोडलं. किल्ली बायकोच्या हातून जाऊ द्यायची नाही, एवढं ठरलंय. काय बोलायचं ते ठरलेलं नाही.

दहा म्हणजे ते पावणेदहाला येतात. बस कोपऱ्यावर थांबते, तिथपर्यंत पुढे जाऊन उभा राहीन म्हणतो.